ट्रान्सफर पोर्टलमुळे छोट्या कॉलेजांच्या फुटबॉलचा दर्जा घसरतोय का?

चौथा_डाउन

आधीच सांगतो, हा धागा अमेरिकन फुटबॉलचा आहे. तोही शनिवारी टीव्हीवर लाखभर प्रेक्षकांसमोर चालतो तो नव्हे, तर एफसीएस, डिव्हिजन दोन, डिव्हिजन तीन या पातळ्यांवरचा.

एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची नियामक संस्था. दुसऱ्या कॉलेजात जाऊ इच्छिणाऱ्या खेळाडूंची नावं जिथे चढवतात ते तिचं ट्रान्सफर पोर्टल १५ ऑक्टोबर २०१८ ला सुरू झालं. त्याआधी दुसऱ्या कॉलेजाशी बोलायलाही आधीच्या कॉलेजाची परवानगी लागायची. २०२१ पासून फुटबॉलपटूला एकदा बदली घेऊन, वर्षभर बाहेर न बसता लगेच खेळता येऊ लागलं. त्याच वर्षी १ जुलैपासून स्वतःच्या नावावर पैसे कमावायची मुभा मिळाली. एप्रिल २०२४ पासून अभ्यासाची अट पाळली तर कितीही वेळा बदली घेता येते.

माझं मत: छोट्या कॉलेजांचा दर्जा घसरला आहे, पण लोक भलतीकडेच बघतात. स्टार क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, पास टाकणारा) वर, म्हणजे मोठ्या विद्यापीठात, गेला की हळहळ होते. खरं नुकसान संघाच्या पसंतीक्रमातल्या चाळिसाव्या ते सत्तराव्या खेळाडूच्या पट्ट्यात होतं. मोठी विद्यापीठं वरचे चारपाच उचलतात, ती जागा भरायला कोच तयार खेळाडू आणतो, आणि जो मुलगा दोन वर्षं थांबून तिसऱ्या वर्षी मैदानात उतरणार होता तो कंटाळून निघून जातो.

तुमचं निरीक्षण काय? आणि दर्जा मोजायचा तरी कशावरून?

मिशिगनकर

असहमत. फेरिस स्टेटकडे बघा. डिव्हिजन दोनचं विजेतेपद २०२१, २०२२ आणि २०२४ ला. २०२४ च्या अंतिम सामन्यात वाल्डोस्टा स्टेटला ४९–१४ असं लोळवलं. त्या संघाचा क्वार्टरबॅक ट्रिनिडॅड चॅम्ब्लिस पुढच्या वर्षी ओल मिसला, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठात, गेला. तिथे आधी राखीव होता, पहिल्या पसंतीचा जखमी झाल्यावर संधी मिळाली आणि मग जागा सोडलीच नाही.

डिव्हिजन दोनमधून थेट एसईसीत (मोठ्या विद्यापीठांच्या सर्वात तगड्या गटांपैकी एकात) जाऊन पहिल्या फळीत खेळता येतं, तर खालचा दर्जा कमी कसा म्हणायचा? असे खेळाडू तिथे घडतात याचाच हा पुरावा आहे.

नागपूरी_संत्रं

मी फक्त एनएफएल बघतो. हे एफसीएस, दोन, तीन नक्की कसं वेगळं आहे? पैशाचा फरक आहे की उंची-वजनाचा?

हिशेबनीस

दोन्हींचा, पण सुरुवात पैशापासून.

एफसीएस ही डिव्हिजन एकचीच खालची पायरी. तिथे फुटबॉलसाठी ६३ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी मर्यादा होती. डिव्हिजन दोनमध्ये ३६. डिव्हिजन तीनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती शून्य. मिळते ती गुणांवर किंवा घरच्या परिस्थितीवर. जून २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर त्यात सामील झालेल्या डिव्हिजन एकच्या कॉलेजांना शिष्यवृत्तीची मर्यादा उरली नाही, त्याऐवजी संघात जास्तीत जास्त १०५ खेळाडू ही अट आली.

डिव्हिजन दोनचे ३६ म्हणजे ३६ मुलं नव्हेत. तेवढ्या शिष्यवृत्त्यांचा पैसा कितीही जणांत वाटायचा. समजा कॉलेजचा वर्षाचा खर्च ३०,००० डॉलर आहे. ३६ गुणिले ३०,००० म्हणजे १०,८०,००० डॉलर. संघ ११० चा असेल तर सरासरी प्रत्येकी एक तृतीयांशसुद्धा येत नाही. शिवाय बरीच कॉलेजं पूर्ण ३६ चा पैसा उभाच करू शकत नाहीत.

आता बदलीचा हिशेब. डावा टॅकल (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या फळीतला कडेचा खेळाडू) ४० टक्क्यांवर होता, म्हणजे १२,००० डॉलर. तो डिसेंबरात वर गेला. त्याच्या जागी डिव्हिजन एकमधून खाली येणारा मुलगा ७५ टक्के मागतो, म्हणजे २२,५००. वरचे १०,५०० आणायचे कुठून? पाच पाच टक्क्यांवर, म्हणजे १,५०० डॉलरवर घेतले असते असे सात नवीन मुलगे सोडून द्यायचे. त्या सातांतले दोन तिसऱ्या वर्षी पहिल्या फळीत आले असते. आणि जो आणला त्याचं एकच वर्ष उरलेलं. पुढच्या डिसेंबरात पुन्हा तोच खड्डा.

चौथा_डाउन म्हणतात तो चाळीस ते सत्तरचा पट्टा असा आटतो.

चौथा_डाउन

हिशेबनीस, अगदी हेच. मिशिगनकर, फेरिस हा अपवाद आहे. कोच जुना, यंत्रणा पक्की, शिवाय जिंकणाऱ्या संघाकडे खाली येणारे मुलगे आपणहून येतात. त्याच विभागातल्या तळाच्या चार संघांचं काय?

रेघेवरचा

ऑफेन्सिव्ह लाइनबद्दल, म्हणजे क्वार्टरबॅकपुढे प्रतिस्पर्ध्याला अडवणाऱ्या पाच जणांबद्दल (सेंटर, दोन गार्ड, दोन टॅकल), सविस्तर लिहितो, कारण बदल्यांचा सगळ्यात मोठा फटका तिथे बसतो आणि धावफलकावर तो दिसत नाही.

पाच जण म्हणजे पाच स्वतंत्र खेळाडू नव्हेत. साधा इनसाइड झोन, म्हणजे मधून धावायची खेळी, घ्या. सेंटर आणि गार्ड मिळून समोरच्या, बचावाच्या टॅकलला ढकलतात आणि दोघांतला एक सुटून लाइनबॅकरवर (दुसऱ्या फळीतल्या बचावपटूवर) जातो. कोण सुटणार हे आधी ठरलेलं नसतं, लाइनबॅकर कुठल्या बाजूने येतो त्यावर ठरतं. नितंबाला नितंब लागून असतात, त्या दाबावरून कळतं. घाईने सुटलात तर टॅकल मधूनच घुसतो, उशीर केलात तर लाइनबॅकर मोकळा. हे अंगवळणी पडायला त्याच दोघांनी शेकडो वेळा एकत्र खेळावं लागतं.

पासच्या वेळी तर जास्तच. समोरचा एंड (बचावाच्या फळीतला कडेचा खेळाडू) आत कापतो आणि त्यांचा टॅकल त्याच्यामागून बाहेर फिरतो तेव्हा आपला गार्ड आणि टॅकल एकाच खोलीवर असले पाहिजेत. एक जण फूटभर मागे असला की दोघांची टक्कर होते आणि क्वार्टरबॅक पडतो.

आता बदलून आलेला मुलगा. जानेवारीत आला तर त्याला वसंतातला सराव मिळतो. डिव्हिजन एकमध्ये ती १५ सत्रं. मे-जूनमध्ये आला तर एकही नाही, थेट ऑगस्टचं शिबिर. शिवाय भाषा वेगळी. आधीच्या कॉलेजात ज्या संरक्षणाला आकडा होता त्याला इथे शब्द आहे. ताकद, वजन सगळं असतं, पण हाक ऐकून डोक्यात भाषांतर करायला अर्धा सेकंद जातो. तेवढा पुरेसा असतो.

म्हणून बदलीवर बांधलेली लाइन पहिल्या तीनचार सामन्यांत ओळखता येते. स्नॅपच्या (सेंटरने चेंडू मागे देण्याच्या) आधी हालल्याच्या पाच यार्डांच्या शिक्षा, न अडवलेला सरळ आत आलेला बचावपटू, शॉटगनमधले (क्वार्टरबॅक काही यार्ड मागे उभा असतानाचे) गुडघ्याखाली आलेले स्नॅप. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बरंच सावरतं. पण छोट्या कॉलेजांचा हंगाम दहा-अकरा सामन्यांचाच असतो. तेवढ्यात प्लेऑफ हातचे गेलेले असतात.

मिशिगनकर

लाइनबद्दलचं मान्य. पण खाली येणाऱ्या मुलाचं शरीर ही खरी भर आहे. दोन वर्षं मोठ्या विद्यापीठाच्या व्यायामशाळेत आणि जेवणाच्या टेबलावर घडलेला १३५ किलोचा गार्ड डिव्हिजन दोनला एरवी मिळतच नाही. १०५ च्या मर्यादेमुळे वरून सुटलेले वॉक-ऑनही (शिष्यवृत्तीशिवाय संघात असलेले) आता खाली येताहेत.

टेप_बघणारी

रेघेवरचादादांचा प्रतिसाद साठवून ठेवला. मी त्यात स्पेशल टीम्सची, म्हणजे चेंडू लाथेने मारायच्या वेळी उतरणाऱ्या तुकड्यांची, भर घालते.

किकऑफ अडवायला धावणारे अकरा जण बहुतेक पहिल्या फळीतले नसतात. ते राखीव लाइनबॅकर, तिसरे सेफ्टी (सर्वात मागचे बचावपटू), चौथे रिसीव्हर (पास झेलणारे) असतात. म्हणजे बरोब्बर चाळीस ते सत्तर. तो पट्टा पातळ झाला की सगळ्यात आधी इथे कळतं: आपापली पट्टी सोडून दोघं एकाच रेषेत धावतात, पंटच्या वेळी (चेंडू लाथेने प्रतिस्पर्ध्याकडे लांब मारताना) संरक्षक चेंडू जायच्या आधीच खाली धावत सुटतो आणि पंट अडवला जातो. एखाद्या संघाची खोली तपासायची तर गुण बघू नका. परतावलेल्या पंटचे सरासरी यार्ड आणि अडवले गेलेले पंट बघा.

जखमा हा त्याचाच दुसरा भाग. राखीव नसले की पहिल्या फळीतलेच किकऑफला धावतात आणि चौथ्या क्वार्टरपर्यंत पाय जड होतात. छोट्या कॉलेजांचे कितीतरी सामने शेवटच्या दहा मिनिटांत उलटतात, ते नुसत्या डावपेचांनी नाही.

सान_अँटोनियोकर

सगळे पोर्टलला दोष देताहेत, पण कोच कुठे जातो ते आधी बघा. दोन उदाहरणं देतो.

इन्कार्नेट वर्ड, सान अँटोनियोतलं एफसीएस कॉलेज. क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड शाळेत विंग-टी (धावण्यावर भर असलेली आखणी) खेळायचा, पास फारसे टाकायचाच नाही, त्यामुळे त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. इन्कार्नेट वर्डने घेतला. पुढे त्याचे कोच एरिक मॉरिस वॉशिंग्टन स्टेटला ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाच्या खेळी आखणारा कोच) म्हणून गेले आणि वॉर्ड त्यांच्यामागे गेला. तिथून मायामी, आणि २०२५ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) टेनेसी टायटन्सकडून पहिला क्रमांक. आता सांगा, तो गेल्यावर इन्कार्नेट वर्ड बुडालं का? २०२२ मध्ये निकल्सहून बदली घेऊन लिंडसी स्कॉट आला, ६० टचडाउन पास टाकले, एफसीएसचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू म्हणून वॉल्टर पेटन पुरस्कार मिळवला आणि संघ उपांत्य फेरीत नॉर्थ डकोटा स्टेटकडून फक्त तीन गुणांनी हरला. पोर्टलने नेलं, पोर्टलनेच दिलं.

दुसरं, ह्यूस्टन बॅप्टिस्ट. कोऑर्डिनेटर झॅक किटली वेस्टर्न केंटकीला गेले. क्वार्टरबॅक बेली झॅपी गेला, रिसीव्हर जेरेथ स्टर्न्सही गेला. २०२१ मध्ये झॅपीने ५,९६७ यार्ड आणि ६२ टचडाउन पास, दोन्ही एका हंगामाचे एफबीएस (डिव्हिजन एकची वरची पायरी) विक्रम. इथे खेळाडू नाही, अख्खं घरटंच हललं. पास टाकणारा, झेलणारा आणि खेळी आखणारा एकत्र गेले की मागे राहिलेल्यांकडे कोऱ्या वहीशिवाय काही उरत नाही.

विस्कॉन्सिनवासी

साउथ डकोटा स्टेटचंही तसंच. २०२२ आणि २०२३ या दोन्ही हंगामांचे एफसीएस विजेते. २०२४ नंतर कोच जिमी रॉजर्स वॉशिंग्टन स्टेटला गेले, त्यांच्यामागे बरेच खेळाडू गेले आणि क्वार्टरबॅक मार्क ग्रोनोव्स्की आयोवाला. एकेकटा जातो ती गळती. कोचसोबत जातात ते स्थलांतर.

नागपूरी_संत्रं

हे वाचून आमचा विदर्भ आठवला. वसीम जाफर, गणेश सतीश बाहेरून आले, रणजी २०१७-१८ आणि २०१८-१९ लागोपाठ जिंकली. नंतर करुण नायर आला आणि २०२४-२५ लाही करंडक नागपुरात. बाहेरच्यांनी दर्जा वाढवलाच की!

हिशेबनीस

चांगलं उदाहरण, पण दोन फरक आहेत. एक, रणजीत बाहेरचे खेळाडू मोजकेच घेता येतात, बाकी संघ घरचाच घडवावा लागतो. विदर्भाने स्वतःची अकादमी चालवली आणि वर अनुभवी फलंदाज बसवला. दोन, जाफर विदर्भातून उचलला जाऊन दुसऱ्या हंगामात मुंबईला परत गेला नाही. छोट्या कॉलेजांत आत येणं आणि बाहेर जाणं एकाच महिन्यात चालतं आणि संख्येला मर्यादा नाही.

नागपूरी_संत्रं

पटलं.

गोंयकार

अवांतर विचारतो. मुलाला इंजिनिअरिंग करता करता डिव्हिजन तीनमध्ये खेळायचं असेल आणि पहिलं कॉलेज जमलं नाही, तर बदली घेताना काय तपासायचं?

विस्कॉन्सिनवासी

गोंयकार, हे फारसं अवांतर नाही. डिव्हिजन तीनचा दर्जा टिकण्याचं अर्धं कारण याच उत्तरात आहे. क्रमाने सांगतो.

पहिलं क्रेडिट. रोझ-हुलमनसारखं कॉलेज क्वार्टर पद्धतीचं, बाकी बहुतेक सेमिस्टरचे. क्वार्टरचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरचं दोन तृतीयांश. चार क्रेडिटचा विषय तिकडे २.६७ होतो आणि तीनची अट असेल तर अडकतो. इंजिनिअरिंगचे दुसऱ्या वर्षाचे विषय, स्टॅटिक्स, सर्किट्स वगैरे, जसेच्या तसे मान्य होतील असं धरू नका. विषयाचा आराखडा पाठवून विभागाकडून लेखी घ्या. शेवटची ठरावीक क्रेडिट आमच्याकडेच घ्या, अशीही अट बऱ्याच कॉलेजांत असते.

दुसरं पैसा. गुणांवरची मदत नवीन विद्यार्थ्याला जास्त आणि बदलून आलेल्याला कमी, असं पुष्कळ ठिकाणी असतं. कोचच्या तोंडी आकड्यावर काही ठरवू नका, आर्थिक मदत कार्यालयाचं पत्र हातात हवं. डिव्हिजन तीनमध्ये ते पत्र खेळाकडे बघून लिहिताच येत नाही.

तिसरं घड्याळ. डिव्हिजन एकमध्ये पाच कॅलेंडर वर्षांत खेळ संपवावा लागतो. दोन आणि तीनमध्ये पूर्णवेळ शिक्षणाची दहा सेमिस्टर मोजतात. मध्ये एक सत्र सुट्टी घेतली तर तीनमध्ये घड्याळ थांबतं, एकमध्ये चालूच राहतं.

चौथं कागद. तीनमधून तीनमध्ये जायचं तर विद्यार्थी स्वतःच सेल्फ-रिलीज भरू शकतो, कोचकडे जावं लागत नाही. वरच्या डिव्हिजनच्या कोचशी बोलायचं असेल तर मात्र आधी आपल्या कॉलेजच्या कम्प्लायन्स (नियमपालन) कार्यालयात जा.

या चार अडथळ्यांमुळे इंजिनिअरिंग किंवा विज्ञानाचा मुलगा सहज हलत नाही, आणि म्हणून संघ चार वर्षं एकत्र राहतो. नॉर्थ सेंट्रल २०२१ ते २०२४ सलग चार स्टॅग बोलमध्ये (डिव्हिजन तीनच्या अंतिम सामन्यात) होतं. दोन जिंकले, दोन हरले, त्यातला २०२३ चा कोर्टलंडविरुद्ध ३८–३७ असा एका गुणाने. एवढं सातत्य दरवर्षी नवा संघ जोडून येत नाही.

गोंयकार

खूप आभार. क्रेडिटचं कुणीच सांगितलं नव्हतं.

टेप_बघणारी

पोर्टलमध्ये नाव टाकायच्या आधीची एक गोष्ट सगळ्यांसाठी. डिव्हिजन एकमध्ये लेखी कळवल्यावर कॉलेजला दोन कामकाजाच्या दिवसांत नाव चढवावं लागतं. पण नाव चढलं की चालू सत्र संपताना शिष्यवृत्ती बंद करायचा अधिकारही कॉलेजला मिळतो. परत ये म्हणायला ते बांधील नाहीत.

छोट्या कॉलेजातल्या मुलाची टेपही, म्हणजे सामन्यांचं चित्रीकरण, आड येते. कॅमेरा एकच, ठेंगण्या बुरुजावर, त्यामुळे सेफ्टी चौकटीबाहेर. वरचा कोच आधी गोलपोस्टमागून घेतलेला कोन मागतो, कारण लाइनमनचे पाय तिथूनच दिसतात. तो नसेल तर पुढे बघतही नाहीत. मग मुलगा पोर्टलमध्येच लटकतो: जुन्या कॉलेजाने जागा भरलेली, नवं मिळालेलं नाही. दर्जाचं बोलताना हेही मोजा. असे कितीतरी मुलगे खेळच सोडतात.

मिशिगनकर

न हलता वर गेलेलेही मोजा की. क्वार्टरबॅक टायसन बेजेंट डिव्हिजन दोनच्या शेपर्डलाच खेळला, १५९ टचडाउन पास टाकले, ड्राफ्टमध्ये नाव आलं नाही तरी २०२३ मध्ये शिकागो बेअर्सकडून पहिल्या फळीत काही सामने खेळला. क्विन माइनर्झ विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरहून, म्हणजे डिव्हिजन तीनमधून, २०२१ च्या तिसऱ्या फेरीत गेला. शोधणारे शोधतातच.

रेघेवरचा

हार्डिंगचंही नाव घ्या. २०२३ चे डिव्हिजन दोनचे विजेते, अंतिम सामना ३८–७, हंगामात जमिनीवरून ६,००० पेक्षा जास्त यार्ड. फ्लेक्सबोन, ट्रिपल ऑप्शन, म्हणजे जवळजवळ सगळी धावण्याची आखणी. माझ्या मते ही आखणीच बदल्यांपासून बचाव करते. त्यांच्या लाइनमनला खाली वाकून, कापून अडवायला शिकवतात. पासचं मागे सरकणं फारसं टेपवर येत नाही, म्हणून वरचे फारसे उचलत नाहीत. आणि बाहेरून आलेल्याला क्वार्टरबॅक-फुलबॅकच्या हातातली ती क्षणभराची देवाणघेवाण पटकन जमत नाही, म्हणून तेही बाहेरचे कमीच आणणार. घरच्यांनाच चार वर्षं तीच गोष्ट शिकवायची.

हिशेबनीस

आणि जे हा खर्च झेपत नाही म्हणून बाहेर पडले ते? पेनसिल्व्हेनियातल्या सेंट फ्रान्सिसने मार्च २०२५ मध्ये डिव्हिजन एक सोडून तीनमध्ये जायचं जाहीर केलं, कारणांमध्ये ट्रान्सफर पोर्टलही सांगितलं. बर्मिंगहॅम-सदर्न तर ३१ मे २०२४ ला कॉलेजच बंद झालं. तिथल्या फुटबॉलपटूंसाठी बदली ही निवड नव्हती.

चौथा_डाउन

मूळ प्रश्नाकडे येतो. मिशिगनकर आणि सान_अँटोनियोकर यांच्यामुळे माझं मत थोडं बदललं: वरच्या पाचसहा संघांचा दर्जा घसरलेला नाही, कदाचित वाढलाच आहे. मधल्या आणि तळाच्या संघांबाबत मी ठाम आहे.

पुढच्या हंगामासाठी मोजणी अशी करू. प्रत्येकाने एक मधला संघ निवडायचा, विजेता नको. चार गोष्टी नोंदवायच्या. पहिल्या सामन्यातल्या पाच लाइनमननी याच कॉलेजात मिळून आधी किती सामने सुरू केलेत. पहिल्या चार सामन्यांत स्नॅपआधी हालल्याच्या शिक्षा किती. किकऑफ अडवणाऱ्या अकरांत तिसऱ्या वर्षाचे किंवा पुढचे, तिथेच घडलेले किती. आणि चौथ्या क्वार्टरमधला गुणांचा फरक.

टेप_बघणारी

पाचवी घाला: परतावलेल्या पंटचे यार्ड. चौथ्या क्वार्टरचा फरक मात्र ३० पेक्षा जास्त गुणांनी संपलेले सामने वगळून घ्या, त्यात शेवटी राखीवच खेळतात.

रेघेवरचा

लाइनमनच्या सामन्यांत सेंटरचे वेगळे लिहा. चार जुने आणि सेंटर नवा, ही लाइन एक नवा टॅकल असलेल्या लाइनपेक्षा कच्ची असते.

मिशिगनकर

मी ग्रँड व्हॅली घेणार होतो, पण तो मधला म्हणता येणार नाही. वेन स्टेट घेतो.

चौथा_डाउन

चालेल. लाइनअप पहिल्या सामन्याच्या आठवड्यात कॉलेजच्या संकेतस्थळावर येते, तेव्हाच उतरवून ठेवा. नंतर ती बदलतात आणि जुनी मिळत नाही.